सॉफ्ट प्लास्टिक लुअर (मासे पकडायचं मऊ नकली आमिष) पाण्यात गरागरा फिरतं, जिगहेडवर (शिशाची गोळी असलेल्या गळावर) सरळ बसतच नाही – किनाऱ्यावरून वापरणाऱ्यांनी जरा सांगा

शनिवारचा_गरीवाला

नमस्कार मंडळी, इतके महिने नुसतं वाचून पुढे जात होतो, आज विचारतोच. राहायला मालाडला, त्यामुळे आक्सा, दानापानी, एरंगळ हा पट्टा हाताशी आणि मूड असला तर मार्वेवरून फेरीने मनोरी. गाव अलिबागकडचं, कोलंबी लावून गरवायची सवय लहानपणापासून आहे, ते जमतं, प्रश्न तो नाही. दिवाळीत ९ फुटी स्पिनिंग रॉड घेतला, १५ ते ४० ग्रॅम टाकणारा, ४००० साइजचं रीळ, त्यावर २० पौंडाची ब्रेड (विणलेली लाइन). दुकानदाराने सोबत चार इंची पॅडलटेलची (चपट्या शेपटीच्या रबरी माशांची) पाकिटं आणि मूठभर जिगहेड गळ्यात मारली, म्हणाला साहेब रावसाला हेच.

आता रडगाणं ऐका. लुअर ओढताना सरळ येतच नाही, गरागरा फिरतं आणि तासाभरात ब्रेडला असे पीळ पडतात की पुढच्या कास्टला गुंता पहिल्या रिंगमध्येच अडकतो. जोरात फेकलं की प्लास्टिक जिगहेडवरून घसरून गळाच्या बाकाशी गोळा होऊन बसतं. आणि मधेच टक टक असं काहीतरी लागतं, ओढून बघावं तर शेपटी गायब, अर्धगोल, स्वच्छ कापलेली. पाकीट काही फुकट येत नाही हो.

शिवाय लांब किती टाकायचं हेही कळेना. मी जीव खाऊन टाकतो, कंबरभर पाण्यात उभं राहून, आणि तिकडे एक काका साध्या हातगरीने पायापाशी मुडदुशा काढत असतात आणि माझ्याकडे बघून गालात हसतात. रंगाचंही सांगा, पाकिटावर तर इंद्रधनुष्य छापलंय.

बोंबीलफ्राय

शेपटी कापणारा केंड (फुगणारा मासा) आहे. दुसरं कोणी नाही. बाकीचं जाणकार सांगतील, आपण काकांच्या बाजूने 😄

खारा_वारा

फिरतंय म्हणजे वाकडं लावलंय, बहुतेक वेळा एवढंच कारण असतं. रॉड, रीळ, रंग सगळं नंतर, आधी लुअर गळावर सरळ बसवायला शिका कारण वाकडं लुअर म्हणजे भोवराच, मासा तर घेत नाहीच वर लाइनची वाट लागते ती वेगळीच. सविस्तर लिहितो, घाई असेल तर पुढे जा.

घरी टेबलावर बसून करा, अंधारात किनाऱ्यावर टॉर्च तोंडात धरून नको. लुअर सपाट ठेवा, त्याला लागून जिगहेड ठेवा, शिशाची गोळी जिथे संपते तिथे लुअरचं नाक यायला हवं. आता गळाचा बाक लुअरच्या पाठीवर कुठे येतोय ते बघा आणि तिथे नखाने खूण करा, टोक तिथूनच बाहेर निघालं पाहिजे. लोक काय करतात, अंदाजाने घुसवतात आणि दोन-चार मिलिमीटर आधीच टोक बाहेर काढतात, मग प्लास्टिक ताणलं जातं, नाहीतर उशिरा काढतात, मग पोटाशी गोळा होतं. दोन्हीत शेपटी हलत नाही आणि अंग वळतं.

टोक नाकाच्या बरोब्बर मध्यभागी घाला. बाजूने नाही, वरून नाही, मध्यभागी. मग गळ न फिरवता लुअरच गळावर चढवत जा, मोजा चढवतो तसं. पाठीवर साच्याची एक बारीक रेघ असते, ती दिसली पाहिजे, त्या रेघेवरूनच टोक बाहेर काढायचं. खूण आली की लुअर थोडं दाबून टोक बाहेर, आणि शेवटी नाक शिशाला टेकेपर्यंत वर सरकवायचं. गोळीच्या मागे एक काटेरी मान असते ना, ती पूर्ण आत गेली पाहिजे. तुमचं घसरतं ते इथेच, मानेवर नीट चढवलेलं नाही किंवा चढवून काढून परत चढवलंय त्यामुळे भोक ढिलं झालंय. त्यावर उपाय म्हणजे मानेवर सुपरग्लूचा एक थेंब, पटकन वर सरकवा आणि दहा सेकंद धरा. जेलवाला ग्लू मिळाला तर आणखी बरं, ओघळत नाही. एवढं केलं की फेकताना कितीही झटका द्या, हलत नाही.

आता लाइन धरून लुअर डोळ्यांसमोर लटकवा आणि समोरून बघा. नाक, पाठीवरची रेघ, गळाचं टोक आणि शेपटीची चकती एकाच रेषेत दिसली तर पास. जराही केळं झालेलं दिसलं तर काढा आणि परत लावा. किनाऱ्यावर पोचल्यावर पहिली कास्ट मारायच्या आधी घोट्याभर पाण्यात दोन हात ओढून बघा, शेपटी थडथडते आणि अंग किंचित डोलतं, पण पलटी मारत नाही, असं पाहिजे. मी तर प्रत्येक गुंत्यानंतर आणि प्रत्येक टोच्यानंतर (मासा चावल्यावर) हे बघतो, मित्र वैतागतात, वैतागू देत.

अजून एक, पाकिटात दुमडून राहिलेली शेपटी कितीही सरळ लावा, वाकडीच पोहणार. चहाच्या भांड्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, चिमट्याने नाकाकडून धरून शेपटी काही सेकंद बुडवा, मऊ पडते आणि मूळ आकारात येते, लगेच थंड पाण्यात टाका आणि सपाट ठेवून द्या. भांडं वेगळं ठेवा, आमच्याकडे त्यावरून महाभारत झालेलं आहे.

गळाचा साइज विचारला नाहीत पण सांगतो, चार इंची पॅडलटेलला ३/० किंवा ४/०. त्याहून मोठा घेतला तर बाक पार शेपटीजवळ जातो आणि अर्धं लुअर लाकूड होतं. गळ साधारण पुढच्या निम्म्या भागातच संपला पाहिजे, मागचा भाग मोकळा. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढून बघा, रुतलं तर धार आहे, घसरलं तर कानस मारा नाहीतर बदला. वाळूत घासून घासून टोक बोथट होतं हे नवीन माणसाच्या लक्षातच येत नाही.

वजनाचं म्हणाल तर तळ कळेल एवढं हलकं. समुद्र शांत असेल तर १० ते १४ ग्रॅम पुरे, लाटा आणि ओढ असली तर १८-२१, आणि २८ लावूनही तळ कळत नसेल तर त्या दिवशी घरी जाऊन पोहे खावेत. तुमचा रॉड १५ पासून असला तरी १४ चं जिगहेड अधिक चार इंची प्लास्टिक मिळून वजन भरतं, चिंता नको.

वेसावकर_नाखवा

वरच्या भावाने लावायचं सांगितलं ते सोळा आणे. पण दादूस, तू कंबरभर पाण्यात उभा राहून मासा तुझ्या पाठीमागे सोडतोयस. काका हसतात ते उगीच नाय.

आपला किनारा बघ कसाय, आक्सा घे, वर्सोवा घे, गोराई घे, उतार एकदम कमी. उधाणाच्या (मोठ्या भरती-ओहोटीच्या) सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाणी कुठच्या कुठे जातं. अशा वेळी रॉड घरी ठेव आणि नुसता चालायला जा, मोबाइलवर फोटो काढ. वाळूत लांब आडवे दांडे दिसतील आणि त्यांच्यामध्ये पाणी साचलेले खोलगट पट्टे. भरती आली की हे पट्टे आधी भरतात, बारीक बोय, मांदेली, करंदी त्यातून किनाऱ्यालगत येते आणि त्यांच्या मागे रावस, खाली मुडदुशी. दांड्यावर लाट फुटून पांढरी होते, पट्ट्यावर पाणी काळसर आणि सपाट दिसतं. तिथे टाकायचं. पहिला पट्टा बऱ्याचदा किनाऱ्यापासून वीस-तीस मीटरवरच असतो, तू त्याच्यात उभा आहेस.

जिथे दांडा तुटून पाणी परत समुद्रात ओढलं जातं ती जागा माशासाठी एक नंबर आणि माणसासाठी एक नंबर धोक्याची. आक्सावर दरवर्षी माणसं जातात ती तिथेच, तळाची ओढ आणि वाळू सरकते पायाखालची. लाइफगार्ड शिट्टी मारतात ती ऐकायची. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं कामच नाय, मासा आहे इकडे.

आणि पाय उचलून चालायचं नाय, घासत चालायचं, वाळू उडवत. पाकट वाळूत गाडून बसलेलं असतं, पाय पडला की शेपटीचा काटा मारतं. २०१३ ला गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या विसर्जनाला किती लोकांना मारलं होतं आठवत असेल, पेपरात फोटो आले होते. पाय घासत गेलं की त्याला आधीच कळतं, ते सटकतं. लागलंच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, वेदना त्यानेच उतरते, आणि सरळ हॉस्पिटल. काटा खोल रुतला असेल तर ओढत बसू नको.

बाकी माझं मत विचारशील तर जिवंत कोलंबीपुढे हे रबर काय करणार. पण पहाटे पाच वाजता जिवंत कोलंबी कोण देतो मालाडला, हा मुद्दा तुझ्या बाजूने आहे. आणि लावलेल्या जाळ्याजवळ टाकू नको, पाण्यावर थर्माकोलचे तुकडे किंवा प्लास्टिकचे कॅन रांगेत तरंगताना दिसले की खाली कुणाचं तरी जाळं आहे, त्यात जिगहेड अडकलं की तुझं जातं शंभर रुपयाचं, त्याचं फाटतं ते शिवायला दिवस जातो.

शनिवारचा_गरीवाला

बापरे, इतकं सगळं एका दमात! खारा_वारा, आत्ताच एक पॅडलटेल खूण करून लावलं, बादलीत ओढून बघितलं, डुलतंय, पलटी नाही मारत. आधीची लावलेली बघितली तर सगळ्यांचं टोक पाठीच्या रेघेच्या बाजूने बाहेर आलेलं. नाखवा, तुमचं वाचून काकांचं हसणं कळलं.

दोन गोष्टी अजून. केंडाचं काय करायचं? आणि ओढायचं कसं, मी आपला सरळ रीळ फिरवतो.

खारा_वारा

सरळ फिरवणं चुकीचं नाही पण बहुतेक जण फार जोरात फिरवतात. टाकल्यावर बेल (रिळावरची उघडझाप होणारी तार) हाताने बंद करा, लाइन ताणलेली ठेवा, लुअर तळाला टेकलं की लाइन एकदम ढिली पडते, ते बघायची सवय लावा. मग हळू दोन-तीन फेरे, थांबा, खाली बसू द्या, परत दोन-तीन फेरे. टोचा जास्त वेळा खाली बसतानाच येतो, म्हणून त्या क्षणी लाइन सैल सोडायची नाही, रॉडचं टोक लुअरसोबत हळूच खाली न्यायचं. ओढ एका बाजूला असेल तर ओढीच्या वरच्या अंगाला तिरकं टाका आणि पाण्यालाच लुअर पट्ट्यातून वाहत नेऊ द्या, तुम्ही फक्त ढील काढत राहायचं.

शेवटचे दहा मीटर घाईने उचलू नका. लुअर लाटेच्या फेसात येतं तेव्हा मागे आलेला मासा ठरवतो घ्यायचं की नाही, आणि नेमकं तेव्हाच आपण पुढच्या कास्टच्या विचारात असतो.

एका जागी उभं राहून एकाच दिशेला पन्नास कास्ट मारण्यात अर्थ नाही. डावीकडे तिरकं, समोर, उजवीकडे तिरकं, मग तीस पावलं पुढे. रॉडवाल्याचा फायदाच हा आहे की त्याला चालता येतं.

टोचा आला की गळाला मुडदुशी असल्यासारखा झटका देऊ नका, आधी रीळ फिरवून वजन जाणवू द्या आणि मग रॉड उचला. ब्रेड ताणत नाही, जोराचा झटका दिला तर तोंड फाटून निघतं.

जिगहेड_जमदग्नी

केंडावर माझा अनुभव असा की तो घोळक्याने असतो, एकाने शेपटी तोडली की पुढची पाच मिनिटं बाकीचे तेच करणार, त्यामुळे पाकीट संपवत बसण्यापेक्षा शंभर-दोनशे मीटर सरका. तेच सोपं. दुसरा मार्ग, त्या खूप ताणल्या जाणाऱ्या मटेरियलची लुअर घ्या, झी-मॅनची इलास्टेकवाली आहेत तशी, केंड चावतो पण तुकडा पटकन तुटत नाही. पण ही एका डब्यात साध्या प्लास्टिकसोबत ठेवली तर दोन्ही एकमेकांत विरघळून चिकट लगदा होतो, ती वेगळी, स्वतःच्याच पाकिटात. शिवाय हे मटेरियल तरंगतं, त्यामुळे तळाला टेकलेलं असताना शेपटी वर उभी राहते, वाळूवर ते भारी दिसतं. लावताना मात्र छळतं, चिवट असतं, मानेवर चढता चढत नाही, थोडं पाणी लावा.

साधी सॉफ्ट प्लास्टिकसुद्धा कुठल्याही डब्यात टाकू नका, त्यातलं तेल काही कडक प्लास्टिकचे डबे खातं, तळाला कायमची छापली जातात. आणि पाकीट बाइकच्या डिकीत उन्हात नको, वितळतात.

शेपटी तुटलेली फेकू नका, आणि समुद्रात तर अजिबात नको. मागचा कुरतडलेला भाग ब्लेडने सरळ कापा, उरलेलं अडीच इंच ५-७ ग्रॅमच्या छोट्या जिगहेडवर लावा आणि खाडीच्या तोंडाशी हलक्या रॉडवर उड्या मारत आणा, मुडदुशी, लहान करकरा घेतो. ज्याचं काहीच होऊ शकत नाही ते खिशात घालून घरी.

खडकाळ जागी, मढच्या बाजूला किंवा उत्तनला, उघडं जिगहेड घेऊन गेलात तर जिगहेडवाल्याचाच धंदा होतो. तिथे वीडलेस लावा. ऑफसेट गळ, म्हणजे मानेशी झेडसारखा बाक असलेला. टोक नाकातून साधारण अर्धा सेंटिमीटर आत घालायचं, हनुवटीतून बाहेर काढायचं, गळ पूर्ण ओढून झेड नाकात बसवायचा आणि मग गळ उलटा फिरवायचा. आता लुअर गळाच्या बाजूला धरून बाक कुठे येतो बघायचा, तिथे पोटातून टोक आरपार पाठीवर, आणि टोकावर पाठीची कातडी नुसती अलगद चढवायची. दगडावर घासलं तरी टोक लागत नाही, मासा चावला की प्लास्टिक दबून टोक बाहेर येतं. वजन पुढे लाइनवर सरकतं शिसं, गोळीसारखं. वाळूवर हेच जरा बदलून, सरकतं शिसं, एक मणी, स्विव्हल (फिरती कडी) आणि मग दोन-अडीच फूट लीडरवर (ब्रेडच्या पुढे बांधलेल्या जाड लाइनवर) गळ, असं केलं तर शिसं तळाला आणि लुअर मागे मोकळं तरंगत येतं, पाणी शांत असेल तेव्हा मला जिगहेडपेक्षा हे आवडतं.

लीडर विसरू नका राव! ब्रेडला थेट जिगहेड बांधणारे बघितलेत. ३० ते ४० पौंडाचा मोनो किंवा फ्लुरो, चार-पाच फूट, एफजी नॉटने, जमत नसेल तर डबल युनी. जिताडा लागला तर त्याच्या कल्ल्याची कड ब्लेड असते, ब्रेड एका हिसड्यात जाते, आणि तीच कड तुमचं बोटही कापते, कल्ल्यात हात घालून उचलू नका. जिगहेडला मात्र घट्ट गाठ न मारता लूप नॉट मारा, लुअरला डोलायला जागा मिळते. वाकटी फिरत असतील तर चाळीस पौंडही कापतात, तिथे छोटा स्टीलचा तुकडा.

रंग: आपल्या गढूळ पाण्यात पांढरा आणि पोपटी. विषय संपला.

खारा_वारा

विषय कसला संपतोय, पहाटे अंधारात आणि गढूळ पाण्यात काळा किंवा गडद जांभळा लावून बघा. मासा खालून वर बघतो, आकाश उजळ असतं, त्यावर गडद आकृती ठळक उठून दिसते. पोपटी दुकानात मासेमाराला पकडतो 😀

जिगहेड_जमदग्नी

पोपटीवर मी स्वतः रावस काढलेत, फोटो टाकू का?

खारा_वारा

टाका, पण काळ्यावर किती मिळाले असते ते फोटोत दिसणार नाही.

बोंबीलफ्राय

झालं यांचं सुरू. शनिवारवाले, एक पांढरं, एक काळं घ्या आणि पळा.

वेसावकर_नाखवा

रंगाचं भांडण करण्यापेक्षा पाणी निवडा. उधाणाला, म्हणजे पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास, ओढ जबरदस्त आणि पाणी असा गाळ उचलून आणतं की तुमचा पोपटी आणि काळा दोन्ही सारखेच. गावठी आमिषाला वास असतो, मासा वासावर येतो, रबर दिसल्याशिवाय कोण येणार. भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) पाण्यात ओढ कमी, गाळ खाली बसतो, तेव्हा लुअरवाल्याने यावं. आणि पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे, पाणी निवळतं तेव्हा. जून-जुलैमध्ये पालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीची यादी काढते तेव्हा किनाऱ्यावर रॉड घेऊन जाणाऱ्याला मी मच्छीमार म्हणत नाय, दुसरा शब्द आहे, इथे लिहीत नाय.

शनिवारचा_गरीवाला

नाखवा, मग नेमका दिवस कसा ठरवायचा? मला सुट्टी शनिवार-रविवार, आणि पहाटे जायला आवडतं कारण नऊनंतर दानापानीवर रीलवाले येतात. वेगळ्या प्रकारचे रीलवाले.

वेसावकर_नाखवा

अ‍ॅप बघ नाहीतर कालनिर्णय काढ. तिथीला पाऊणने गुण, तेवढ्या वाजता पूर्ण भरती, सकाळी आणि रात्रीही. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. वद्य पक्षातही परत एकपासूनच मोजायचं. थोडं पुढे-मागे होतं पण निघायला पुरतं.

आता तूच बघ, पुनवेला भरती सव्वाअकरा-बाराला म्हणजे पहाटे साडेपाच-सहाला पूर्ण सुकती. उधाणाला आपल्याकडे पहाट म्हणजे सुकतीच, तेव्हा चालायला जा आणि ते फोटो काढ. एकादशी-द्वादशीला भरती सव्वाआठ-नऊला. साडेपाचला पोचलास तर पाणी चढतंय, पट्टे भरतायत, उजाडतंय, आणि भांग नुकताच सरलेला, पाणी फार गढूळ नाय. लुअरवाल्याला याच्यापेक्षा चांगलं काय पाहिजे. शनिवारी-रविवारी दशमी ते द्वादशी आली की बाकी सगळी कामं सोड.

शनिवारचा_गरीवाला

बघितलं! येत्या शनिवारी एकादशीच आहे. लोचा एवढाच की घरी आईची एकादशी कडक, त्यात शनिवार, त्या दिवशी मासा आणला तर मला रॉडसकट बाहेर काढेल.

बोंबीलफ्राय

अरे तू आधी पकड तरी 😂

वेसावकर_नाखवा

सोपंय. बर्फाचा छोटा डबा घेऊन जा, मासा मिळाला की लगेच कल्ले कापून रक्त जाऊ दे, पोट साफ कर आणि बर्फात ठेव. द्वादशीला सकाळी उघड. रावस एक दिवस बर्फात राहिला तर काय बिघडत नाय, कालवणाला उलट मांस आवळून येतं. वीतभर असेल तर सोडून दे, त्याच्यासाठी आईशी भांडण नको.

जिगहेड_जमदग्नी

सोडायचा असेल तर आधीच पक्कडने गळाचा उलटा काटा दाबून टाका, पटकन सुटतो, आणि स्वतःच्या बोटात घुसला तरी पटकन सुटतो. घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याने हलकं धुवा, नळाची धार जोरात मारू नका, पाणी आत शिरतं. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) आधी घट्ट करा, धुऊन सावलीत वाळवा, मग ड्रॅग सैल सोडून ठेवा. जिगहेडही धुवा, एका रात्रीत गंज धरतात.

शनिवारचा_गरीवाला

केलं. चार पॅडलटेल सुपरग्लूने लावून तयार, दोन पांढरी, दोन काळी, म्हणजे कोणाचंच मन मोडायला नको. पीळ पडलेली ब्रेड काढून टाकू की चालेल?

खारा_वारा

काढू नका. उद्या संध्याकाळी मोकळ्या किनाऱ्यावर जिगहेड, स्विव्हल काहीही न बांधता नुसती लाइन पायाभर पाण्यात ओढीसोबत साठ-सत्तर मीटर सोडा, पाच मिनिटं तशीच राहू द्या आणि बोटांच्या चिमटीतून ताण देत परत गुंडाळा. पीळ आपोआप निघतो. शेवटचे दोन-तीन मीटर खरखरीत झाले असतील तर तेवढेच कापा आणि लीडर नवा बांधा. रिळाच्या कडेपर्यंत तुडुंब भरू नका, दोन मिलिमीटर खाली ठेवा.